मशीन दुकानात वाजते

नाही, तुमीच सांगा मले, एखादी वस्तू बिघडली म्हंजे बिघडली ना? मेली तं मेली, जित्ती तं जित्ती. पन ही आमची मशीन... दुकानात वाजते! अकोल्याले गफ्फारभाईच्या टेबलावर ठेवली का अशी वाजते, का बाजूच्या चहावाल्याचे कप थरथरतेत, आन् घरी आनली का घुंऽऽऽ... खर्रर्र... आन् चूप. परत दुकानात नेली का वाजते. दोन महिने, तुमाले सांगतो, दोन महिने मी हा पस्तीस किलोचा धोंडा खांद्यावर घेऊन शेंदूरजनाघाट ते अकोला आन् अकोला ते शेंदूरजनाघाट करून राह्यलो, आन् दर खेपेले निकाल एकच. दुकानात वाजते.

आता तुमी म्हनसान, कायची मशीन? चक्की नाही, शिलाईची बी नाही. अँप्लिफायर हाये, बेसगिटारीचा. आन् बेसगिटार म्हंजे काय हे विचारू नोका, कारन हे समजावता समजावताच माहं आयुष्य गेलं. जाड जाड चार तारा राहतेत तिले. तिचा आवाज कोनाच्या कानात जात नाही, पोटात जाते. वाजून राहिली तवर कोनी विचारत नाही, बंद पडली का मंग लोक म्हनतेत, आज गान्यात काईतरी कमी हाये बुवा, मीठ कमी पडलं का काय. तं थे मीठ म्हंजे मी, खुशालराव. पंजाबरावच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत बावीस वर्सं झाले, मांगच्या रांगेत, ढोलकीवाल्याच्या आड, लग्नाच्या एकाबी फोटोत नाही.

मशीन विलायती हाये. नागपूरच्या एका म्हाताऱ्या बेसवाल्यानं देल्ती, हात थरथरायले लागले तवा. म्हने, खुशाल, हिले जप. व्हॉल्व्हची मशीन. आताच्या पोट्ट्यायले व्हॉल्व्ह म्हना तं ते नळाचा समजतेत. अरे बावा, काचेचे दिवे राहतेत आतमंदी, पाच, तापले का पिकल्या संत्र्यावानी दिसतेत. आन् ते तापतेत म्हनून वरून जाळी राहते, गरमी बाहीर जायले. ही जाळी ध्यानात ठेवा. नाही, आता काही सांगत नाही, फकस्त ध्यानात ठेवा. म्या नाही ठेवली, म्हनून तं हे सारं झालं.

तं साल होतं दोन हजार सहा. त्या साली आमच्याकडं काय चालू होतं हे तुमाले मी काय सांगू, पेपरात रोज येतच होतं. माही तीनशे झाडं संत्र्याची होती. बोअर आठशे फुटावर नेला, खालून पानी नाही, पांढरी धूळ आली. झाडं वाळली, तोडली, लाकूडवाला ट्रक भरून घेऊन गेला. हिरीवरची मोटार काढून गोठ्यात ठेवली. गोठ्यात बैलबी नव्हते, म्हनून जागा होती. आता माह्याजवळ राह्यलं काय? चार तारा. आन् त्याच टायमाले मशीन बिघडावी?

पंजाबरावनं मले बाजूले घेतलं. गोड बोलनारा मानूस, चिमटा बी घेईन तं हळदीच्या हातानं घेईन. म्हने, "खुशालभौ, प्रोग्राम आधीच कमी झाले. लोकं लग्न उरकवून राह्यले, ऑर्केस्ट्रा कोन बोलावते? अन् आपला चंदन, की-बोर्डवाला, थो डाव्या हातानं बेस वाजवून देते. मी काही म्हनत नाही. पन अक्षयतृतीयेले मोर्शीचं लग्न हाये, मोठं हाये. मशीन वाजली तं तुमी हा, नाही वाजली तं..." आन् चंदनकडं पाह्यलं. चंदन सफरचंद खाऊन राह्यला होता, उजव्या हातानं. बावीस वर्सं, तुमाले सांगतो, आन् माह्या जागेवर येनार कोन? एखादा मानूस नाही. एक हात. थो बी डावा.

अमरावतीले गेलो. तेथं सारे बोर्ड बदलनारे. एक पोरगा, कानात बाली, मशीनच्या आत डोकावला न म्हने, "काका, हे म्युझियमले द्या." म्हनलं, मले बी नेऊन ठेव तेथंच, बाजूले. मंग कोनी सांगतलं, व्हॉल्व्हचा मानूस आता एकच उरला, अकोल्याले, अब्दुल गफ्फार. जुन्या टाकीजच्या साऱ्या मशीनी त्यानं सांभाळल्या. टाकीज बंद पडले, गफ्फारभाई चालू हाये.

गफ्फारभाई म्हंजे कसा, आल्या आल्या बोलत नाही. पयले मशीनचा वास घेते. खरं सांगतो, वाकून, डोळे मिटून, जशी आपली माय कढी नासली का पाहते. मंग म्हने, "कंडेन्सर." जुना काढला, नवा टाकला, ब्रशनं आतून झाडलं, स्पिरिटनं पुसलं, बटन दाबलं. काय वाजली, बाप्पा! माह्या डोळ्यात पानी आलं. गफ्फारभाई म्हने, "लो खुशालभाऊ, अब दस साल मेरा मुँह मत देखना."

मले पंधरा दिवसानं त्याचं तोंड पाहा लागलं.

कारन घरी आनली, लावली, आन् घुंऽऽऽ... खर्रर्र. परत यष्टी. कंडक्टर म्हने, "याचं अर्धं तिकीट लागन." म्हनलं, काहून? चाळीस वर्साची हाये थे. म्हने, "मंग पुरं लागन." माह्या जिभेले काही हाड हाये का? आन् मोर्शीच्या अलीकडं बस थांबवली, अर्धा घंटा. सायबायच्या गाड्यायचा ताफा जाऊन राह्यला होता, दिवे लावून, धूळ उडवत. कोठी? तं ज्या कास्तकारानं औषध पेलं, त्याच्या घरी. फोटो, हार, भाषन. बाजूले बसलेला म्हातारा म्हने, "हा जित्ता होता तवा याच्या बांधावर तलाठी बी नाही आला." मी मशीन मांडीवर घेऊन बसलो.

अकोल्याले पोचलो, गफ्फारभाईनं वास घेतला, उघडली, झाडली, पुसली, लावली. दुकानात वाजते!

गफ्फारभाईचा चेहराच पडला. "घर की बिजली कैसी है?" म्हनलं, बिजली म्हंजे? चौदा घंटे लोडशेडिंग, आन् उरलेल्या दहा घंट्यात बल्ब असा जळते का त्याले पाहाले दुसरा बल्ब लावा लागते. म्हने, "बस. अर्थिंग. अर्थिंग करो." मंग म्या अंगनात खड्डा खोदला, कंबरभर. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, सारं टाकलं, आन् गफ्फारभाईनं सांगतल्यापरमानं रोज सकाळी दोन बकेट पानी त्या खड्ड्यात. आमची मंडळी, बेबी नाव तिचं, गाव बेबीताई म्हनते, थे दारात उभी राहून पाहे. एक दिवस म्हने, "अवो, टँकर आठ दिवसानं येते, प्यायले पानी नाही, धुन्याले नाही, आन् तुमी खड्ड्याले पाजून राह्यले?" म्हनलं, मशीनसाठी हाये. मशीनचं नाव घेतलं का चूप राहे थे. मशीनबद्दल तिनं कवा वाकडा शब्द काढला नाही, हे बी ध्यानात ठेवा.

लावली. घुंऽऽऽ.

तिसरी खेप. आता कंडक्टर मले ओळखू लागला, म्हने, "काय खुशालराव, आज बी दवाखान्यात?" गफ्फारभाईनं मशीन उलटी केली, तं टेबलावर टप्... टप्... तांदूळ. चार-पाच दाने. गफ्फारभाईनं दाना उचलला, उजेडात धरला. "खुशालभाऊ, घर में चूहे हैं." म्हनलं, राहतीन, आमचं खाऊन दुबळे झाले असतीन पन हायेत. म्हने, "चूहा अंदर घर बना रहा है. चावल ला के रखता है. और ये देखो जंग." व्हॉल्व्हच्या बुडाशी लाल-काळं काईतरी चिकटलं होतं, तेलकट. जंग म्हने. खरडून काढला, झाडली, पुसली... सांगू का? तुमालेच माहीत हाये. दुकानात वाजते.

मंग म्या घरी पिंजरा लावला. पिंजऱ्यात काही सापडलं नाही तं बाजूच्या जमुनाबाईकडून मांजर मागून आनली. मांजरीनं तिसऱ्या दिवशी दूध सांडवलं, चौथ्या दिवशी पिल्लं देल्ली, मशीनच्याच पोत्यावर. उंदीर एक बी नाही मारला. उंदीर असंन तं मारीन ना! पन हे मले तवा कोठी माहीत? मी रात-दिस उंदीरच शोधून राह्यलो होतो, कनगीमांगं, चुलीमांगं, चपला सरकवून. बेबी म्हने, "तुमी काय हारवलं?" म्हनलं, डोकं.

लग्नाले राह्यले चार दिवस. म्या गफ्फारभाईच्या पायाशी मशीन ठेवली आन् म्हनलं, भाई, आता मी घरी नेतच नाही. मी येथंच राहतो, लग्नाच्या पार्टीलेच तुमच्या दुकानात बोलावतो. गफ्फारभाईनं टोपी काढली, डोकं खाजवलं. चाळीस वर्साचा धंदा, आन् एका मशीननं इज्जत काढली त्याची. म्हने, "मशीन में कुछ नहीं है खुशालभाऊ. बीमारी आपके घर में है. मैं चलता हूँ." आन् मीटर, पाना, ब्रश, जुने व्हॉल्व्ह, सारं थैलीत भरलं आन् खरंच निघाला. त्याची नईमा, पोरगी, म्हनत राह्यली, "अब्बा, घुटना दुखता है, बस में मत जाओ." तं म्हने, घुटने से जादा दिमाग दुखता है.

आमी पोचलो दुपारी. मशीन चांगली वाजवून आनली होती, दोनदा. म्या इकडून धरली, गफ्फारभाईनं तिकडून, आन् उंबऱ्यापाशी आलो तं आतून आवाज आला, "थांबा वो, तेथंच थांबा."

मी थांबलो. दर खेपेलेच थांबतो.

बेबी ताट घेऊन आली. पयले तांब्यातलं पानी मशीनवरून ओवाळलं न थोडंसं शिंपडलं. मंग भाकरीचा तुकडा ओवाळून फेकला. मंग पाच बोटं हळदीची, पाच बोटं कुंकवाची, वरून, जाळीवर. आन् मंग डोळे मिटून, काईतरी पुटपुटून, मूठभर अक्षता... त्याच जाळीवर. सर्रकन आत गेल्या. आवाज बी आला आत गेल्याचा.

गफ्फारभाई जागच्या जागी गोठला. "खुशालभाऊ," म्हने, हळू आवाजात, "ये हर बार होता है?"

"काय?"

"ये."

"हे होय? हे तं होतेच. दवाखान्यातून मानूस आला तरी होते."

"प्रोग्राम के पहले भी?"

"तवा तं नारळबी फुटते."

"आपने मुझे बताया नहीं."

आता तुमीच सांगा, ह्यात सांगायसारखं काय हाये? त्यानं बिजली विचारली, म्या बिजली सांगतली. उंदीर विचारले, उंदीर सांगतले. मी घरात येताना पाय धुतो, हे सांगतलं का त्याले? अवो, दर खेपेले मी तेथंच उभा होतो, मशीन माह्याच हातात होती, माह्याच डोळ्यासमोर तांदूळ आत जाऊन राह्यले होते, आन् मी उंदीर शोधून राह्यलो होतो!

गफ्फारभाई ओट्यावर बसला. हासावं का रडावं त्याले समजत नव्हतं. "चावल को मैं चूहा समझा," म्हने, "कुंकू को जंग समझा. गीला कुंकू, गीली हल्दी, व्हॉल्व्ह के पाँव में जाएगी तो आवाज क्या खाक आएगी? मैं दुकान में झाड़ता हूँ, भाभी घर में भर देती है. दो महीने से हम दोनों एक ही मशीन पे काम कर रहे हैं."

मले असा राग आला, तुमाले सांगतो, दोन महिन्याचा, कंडक्टरचा, चंदनच्या डाव्या हाताचा, साऱ्या दुनियेचा. म्हनलं, "बेबे, तू होय का थो उंदीर? माही जागा जाऊन राह्यली पार्टीतली, आन् तू वरून तांदूळ पेरून राह्यली मशीनीत? उगवनार हाये का त्यात?"

बेबीनं ताट खाली ठेवलं. ओरडली नाही. थे ओरडत नाही, तोच तं तरास हाये. म्हने, "दसऱ्याले मोटारीले लावत होती. पाडव्याले मोटारीले लावत होती. बागेले पयलं पानी सोडलं तवा बी. मोटार गोठ्यात पडली. हिरीत पानी नाही, झाडं नाही, बैल नाही. घरात चालनारी एकच वस्तू राह्यली, हे. मले वाटलं हिले तरी लावत राहावं. आता सांगा, मी हात कोनाले जोडू?"

बावीस वर्सं मले वाटे, हिले माह्या वाजवन्याशी काही घेनं-देनं नाही. कार्यक्रमाले कवा आली नाही, बेस म्हंजे काय कवा विचारलं नाही. आन् हे पाहा, माह्या मांगं एवढे नवस. दोन महिने मी मशीन दुरुस्त करत होतो न बेबी मशीन जपत होती, आन् दोघांयनं मिळून पार वाट लावली तिची.

गफ्फारभाईनं थैलीत हात घातला. एक मोठा व्हॉल्व्ह काढला, मक्याच्या कनसायेवढा, काच आतून पांढरी पडलेली. "भाभी," म्हने, "ये लो. मशीन को हाथ मत लगाना, जो लगाना है इसको लगाओ. घर में रखो."

बेबीनं पदरात घेतला. "हा पेटते का?"

गफ्फारभाईले खोटं बोलता आलं असतं. नाही बोलला. "नहीं भाभी. ये मर गया. तीस साल टाकीज में जला, हर शो में. फेंकने का जी नहीं किया."

बेबीनं त्याले उजेडात धरून पाह्यलं, बराच वेळ. म्हने, "तीस वर्सं जळला? मंग तं याचा मान हाये." आन् नेऊन देव्हाऱ्यात ठेवला, बाळकृष्नाच्या बाजूले. गफ्फारभाईनं ओट्यावर मशीन उघडली, अक्षता वेचल्या, पुसली, चहा घेतला, आन् लावली. वाजली! घरी वाजली, तुमाले सांगतो, शेंदूरजनाघाटात, त्याच बिजलीवर! मांजरीची पिल्लं पोत्याखाली घुसली.

आन् अक्षयतृतीयेले मोर्शीले... भर दुपारचं लग्न, मंडपात पाचशे मानूस, म्या बटन दाबलं, आन् पाची व्हॉल्व्ह पेटले. पयला सूर मारला तं मंडपाचे बांबू हालले. चंदननं डावा हात उचलला न खिशात टाकला. पूर्ण चार घंटे, एक बी खर्रर्र नाही. मी म्हनलं, आता पंजाबराव वळंन, काईतरी बोलंन. वळला. हात दाखवला, असा, खालीखाली. "खुशालभौ, जरा कमी करा ना, सनई आयकू नाही येऊन राह्यली." बावीस वर्सात थो पयल्यांदा माह्याकडं वळला होता, आन् थो बी कमी करा म्हनायले. पन जाताना म्हने, जेठात वरुडले लग्न हाये, लवकर या. म्हंजे जागा राह्यली माही.

घरी आलो. बेबी दारात. "वाजलं?" म्हनलं, वाजलं. म्हने, "पाहा, पावला." कोन पावला? गफ्फारभाई? छे. देव्हाऱ्यातला. हळूहळू गल्लीत झालं. जमुनाबाई आली, तिच्या पोराचं फवारनीचं यंत्र बंद पडलं होतं, नारळ घेऊन आली. मंग गंगूबाई आली, टीव्हीसाठी. मंग बोअरसाठी एकजन आला सालबर्डीकडून. आता त्याले रोज आंघोळ हाये, गंध हाये, झेंडूचा हार हाये. आन् माहे पाच व्हॉल्व्ह, जे खरंखुरं जळून राह्यले, तापून राह्यले, वाजून राह्यले, ते तिकडं कोपऱ्यात, पोत्याखाली.

परवा म्या म्हनलंच बेबीले. म्हनलं, अवं, मशीनीतल्यायलेबी दे ना कवा एखादं फूल, काम तं ते करून राह्यले. तं म्हने, "त्यायले फूल वाह्यलं का बिघडतेत, तुमीच तं सांगतलं."

बरोबर हाये तिचं. आता काय सांगू बाप्पा... आपल्याकडं हार पाहिजेन असंन, तं पयले विझावं लागते.